झुबेदाभाभीची अरबी

“...तर मी दोन्ही हात पदराखाली घेतले आन भितीला पाठ लावून उभी ऱ्हायले. म्हन्लं, बाई, मुंडी काप माझी, पर हातातल्या काढू नको. आता हे तिला कळावं कसं? तिचं मला कळंना, माझं तिला कळंना. बोळात आडव्या आलेल्या दोन म्हशींवानी आमी नुसत्या एकमेकीकडं बघतोय.”

“आन अकबरभाऊ कुठं व्हते तवा?”

“आत. दाराच्या आत. जिते हायेत का गेलेत, त्येच तर ठावं न्हवतं. हात ढिला सोड, भागू. लाकूड करून बसलीस. मोडली मंजी मला बोल लावशील.”

मढच्या बाजारात एसटीच्या थांब्याला लागून झुबेदाभाभीचं बस्तान असतं. खाली गोणपाट, पुढ्यात बांगड्यांची पत्र्याची पेटी, शेजारी पाण्याची वाटी आणि झिजून चिंचोक्याएवढी झालेली साबणाची वडी. भागूच्या भावाचं लग्न निघालं होतं, म्हणून ती हात भरायला बसली होती, आणि हात भाभीच्या मुठीत अडकलेला असल्यामुळं गोष्ट ऐकणं भागच होतं. तशीही ती ऐकायलाच आली होती. सगळं मढ ऐकून गेलं, आपणच ऱ्हायलो, असं तिला वाटत होतं.

झुबेदाभाभी जातीची मणियार, राहणारी जुन्नरची. पेठेत नवऱ्याचं हातभर रुंद दुकान आहे, पण दुकानात बसून गिऱ्हाईक येत नाही, गिऱ्हाईकाच्या दारात जावं लागतं, हे तिनं सासूकडून उचललं. चतुर्थीला ओझरच्या गणपतीसमोर, बाजाराला मढला, लग्नसराईत पार आहुप्याच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवर. ह्या मुलखातल्या निम्म्या बायांची तोंडं तिला आठवत नाहीत, हात आठवतात. अमकीचा अंगठ्याचा सांधा जाड, तमकीचा हात पाण्यातल्या माशासारखा, हिच्या बांगडीचं माप दोन चार, तिचं दोन सहा. बाई पुढ्यात बसली की भाभी आधी पंजा दाबून बघते आणि मग म्हणते, “बस गं. सासर मानवलंय तुला.”

ह्या धंद्याचा एक कायदा आहे. हात रिकामा होऊ द्यायचा नाही. जुन्या उतरवताना एक तरी ठेवायची, नवी चढली की मग ती काढायची. फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. हात रिकामे होतात ते एकाच दिवशी, आणि त्या दिवशी मणियारणीला कुणी बोलावत नाही. गिऱ्हाइकाचा जो कायदा तोच तिचाही. एकदा मशिदीतल्या मौलानांनी सांगून पाहिलं होतं, की बाई, ह्याला किताबात काही आधार नाही. भाभी म्हणाली, नसंल. आणि पदर सारखा करून घरी आली.

मक्केला उमऱ्याला जायचं नवऱ्याच्या, अकबरच्या डोक्यात बरीच वर्षं होतं. पोरगा, दानियाल, चाकणला कंपनीत कायम झाला आणि त्यानं आईबापाचं नाव मंचरच्या मोहसीनकडं घातलं. मोहसीन दरसाल माणसं नेतो. त्यानं तिकीट काढलं ते स्वस्तातलं, वाटेत ताश्कंदला विमान बदलायचं. ताश्कंद म्हणजे कुठं, हे अकबरला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, नारायणगावला गाडी बदलतो तसंच असंल.

निघायच्या आधी मोहसीननं प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवं पुस्तक ठेवलं. तळहातात मावेल एवढं. डावीकडं मराठी वाक्य, उजवीकडं तेच अरबीत, पण आपल्याच बाळबोध अक्षरात. अकबरनं चष्म्याशिवाय ते उलटं धरलं आणि बायकोकडं दिलं. झुबेदाभाभी चौथी पास. तिनं मढच्या गाडीत येताजाता ते पुस्तक पाठ करायला घेतलं. ‘बिकम हाजा’ म्हणजे हे केवढ्याला. ‘हाजा गाली’ म्हणजे फार महाग आहे. ही दोन वाक्यं आली की दुनियेत कुठंही निभतंय, असं तिचं मत पडलं. बाजारातल्या बाया तिला मुद्दाम विचारायच्या, “भाभी, बिकम?” आणि ती बोटं दाखवायची.

मदिन्यात तिनं खजूरवाल्याला पहिल्यांदा हटकलं. “बिकम हाजा?” त्यानं खूश होऊन घडाघडा उत्तर दिलं. एक अक्षर कळलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पुस्तकात सवाल विचारायची सोय आहे, जबाब समजायची नाही. खजूरवाल्यानं तिचा चेहरा बघितला आणि उर्दूत बोलायला लागला. तिथं बहुतेकांना उर्दू येतच होतं. पुस्तक पिशवीत तळाला गेलं.

परतीच्या वाटेवर ताश्कंदच्या विमानतळावर अकबर खाली बसला. खुर्ची समोर असून फरशीवर बसला. बाहेर बर्फ आणि ह्याच्या कपाळावर घाम. म्हणाला, “छाती पे पेटी रखे जैसा लगरा.” ती पेटी किती जड असते हे झुबेदाभाभीला माहीत होतं. तिनं मोहसीनला हाक मारली. मग माणसं धावली, चाकाची खाट आली, अकबरला उचललं. मोहसीनच्या मागं सगळा जथा, पुढच्या विमानाचं दार उघडलेलं, जथ्यातल्या निम्म्यांना जिना चढतानाही हात द्यावा लागायचा. तो रडकुंडीला आला. “भाभी, विमानवाल्यांचा माणूस आहे तुमच्यासोबत. मी पोचल्या पोचल्या दानियालला सांगतो, आपल्या वकिलातीत फोन लावतो. तुम्ही फकस्त हिथून हलू नका.” जथ्यात जुन्नरचे एक निवृत्त मास्तर होते. ते तिला धीर द्यायला पुढं आले, काय बोलावं सुचेना, आणि म्हणाले, “ताश्कंद. शास्त्रीजी इथंच गेले.” त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं, पण शब्द बाहेर पडला होता.

विमानवाल्यांच्या माणसानं तिला दवाखान्यात आणलं, कागदांवर सह्या ठोकल्या, इंग्रजीत काहीतरी बोलला, बाकाकडं बोट दाखवलं, घड्याळाकडं दाखवलं आणि गेला. अकबर एका मोठ्या दारातून आत गेला होता. दार पांढरं, वर गोल काच. काचेला आतून पडदा.

बाकावर ती एकटी नव्हती. त्या गावातल्या तीन-चार बाया होत्या, डोक्याला फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या. त्यातली एक म्हातारी, पुढचे सगळे दात सोन्याचे, झुबेदाभाभीच्या साडीला हात लावून म्हणाली, “हिंदिस्तान?” भाभीनं मान हलवली. म्हातारीनं पिशवीतून गोल जाड रोटी काढली, मोडून अर्धी तिच्या हातात दिली. नाही म्हणणं वाईट दिसेल म्हणून तिनं ती पदरात बांधली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. निळ्या कपड्यातली नर्स आली, उभ्या हाडाची, पन्नाशीची, तोंडावर मास्क. तिनं एक प्लास्टिकची पिशवी भाभीच्या मांडीवर ठेवली आणि आल्या पावली आत गेली. पिशवीत अकबरचा कुडता. पायजमा. टोपी, चष्मा, जपाची तसबीह, मनगटी घड्याळ. सगळ्यात खाली मोबाईल.

माणसाच्या अंगावरचे कपडे असे घडी घालून कधी परत देतात, हे तिला माहीत होतं. सासऱ्याचे असेच दिले होते, ससूनमध्ये. तिला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की ह्याला आता जुन्नरला न्यायचं कसं. ते विमान तर गेलं. आणि न्यायला नाही जमलं तर ह्या बर्फात कबर खणतात तरी कशानं.

तिनं मोबाईल काढून दानियालला लावला. एक बाई परक्या बोलीत गोड आवाजात काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

मग तिनं हिरवं पुस्तक काढलं. इथं अरबी बोलत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुसलमानांचा मुलूख, सलामाला सलाम मिळतो, म्हणजे अरबी चालत असणार, असा तिचा हिशोब. तिनं ‘दवाखाना’ असं लिहिलेलं पान उघडलं. माझे डोके दुखते. मला ताप आहे. मला जुलाब होत आहेत. माझ्या दातात कळ येते. सगळं पान ‘मला’ आणि ‘माझे’. पुस्तक करणाऱ्यानं धरूनच चाललेलं, की ज्याला दुखतंय त्यालाच बोलता येणार. बाहेर बाकावर बसलेल्या माणसासाठी त्यात एक ओळ नव्हती. माझा माणूस आहे का गेला, हा सवाल काही त्यात सापडेना. तिनं ‘हॉटेल’ बघितलं, ‘प्रवास’ बघितला, ‘ओळखपाळख’ बघितलं. शेवटी ‘खाणावळ कुठे आहे’ मधला ‘कुठे’ उचलला आणि ‘हे माझे पती’ मधले पती उचलले. दोन्हींची गाठ मारली. दोनदा मनात म्हणून पाहिलं.

नर्स पुन्हा दारात आली तशी ती उठली. पुस्तक दोन्ही हातांत धरून, प्रत्येक अक्षर नीट दाबून वाचलं. “अयन जौजी? अयन जौजी?”

नर्स थांबली. बाकावरच्या बायांनी बोलणं थांबवलं. त्यांना दिसलं ते एवढंच, की परमुलखातली बाई हातात छोटी किताब धरून, डोळ्यांत पाणी आणून अरबी वाचतेय. सोन्याच्या दाताच्या म्हातारीनं दोन्ही हात वर उचलले. बाकीच्यांनी उचलले. नर्सनंही दाराच्या चौकटीतच उचलले. झुबेदाभाभी वाचायची थांबली, तशा सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले आणि आमीनच्या सुरात म्हणाल्या, “ओमीन.”

मयताच्या घरी फातिहा झाल्यावर फिरवतात तसे.

भाभी बाकावर येऊन बसली. मी विचारलं माणूस कुठं, आणि ह्यांनी हात वर केले. ह्याच्याहून स्पष्ट जबाब कुठल्या पुस्तकात असतो? म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि भाभीला तो हात ओळखीचा वाटला. असा हात तिनंही कैक जणींच्या पाठीवरून फिरवला होता.

नर्सला मात्र काम होतं. तिनं खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बोलली आणि भाभीपुढं धरला. फोन इंग्रजी बोलला. इंडियाची बाई म्हटल्यावर इंग्रजी येणारच, असा तिचा समज. भाभीला इंग्रजीतलं साईज येत होतं, फिक्स रेट येत होतं, फॅन्सी येत होतं. तिनं मान हलवली. नर्सला वाटलं समजलं. तिनं निळा झगा भाभीच्या खांद्यावर टाकला, केसांवर टोपी चढवली, पायांत पिशव्या घालायला लावल्या. आणि मग तिच्या मनगटाकडं बोट केलं. बांगड्यांकडं. दोन बोटांनी ओढून काढायची खूण केली. भिंतीपाशी बेसिन होतं, तिकडं बोट करून हातावर साबण चोळायची खूण केली.

साबण लावून काय करतात, हे त्या नर्सनं झुबेदाभाभीला शिकवायची गरज नव्हती.

अख्ख्या दुनियेत हीच एक खूण अशी होती, की जी कुठल्याही मुलखात तिला कळली असती. कपडे दिले. दुवा मागितली. आता हात रिकामे करायचे, आणि मग आत नेऊन तोंड दाखवायचं. सगळं रीतीनं चाललं होतं. तिनं हात पदराखाली घेतले ते तेव्हा.

तरी एक गोष्ट तिच्या डोक्यात घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. कुणी तोंडानं सांगितलेलं नाही. आपलं आपणच लावलंय. समजा जीव अजून आहे, धुगधुगी आहे, आणि आपण आपल्या हातानं उतरवल्या, तर मग त्याला घालवला कुणी? तो आत एकटा, त्याला बोलता येत नाही. आपण बाहेर, आपल्याला बोलता येत नाही. मधे ही बाई. हिला एवढंच विचारायचं होतं, आणि एवढंच विचारता येत नव्हतं.

“योक, योक,” नर्स मान हलवत म्हणाली आणि पुढं झाली. तिचाही पारा चढला होता. आतलं काम टाकून ती आली होती, आणि ही बाई नटवीसारखी बांगड्यांना कवटाळून बसलीय, असंच तिला दिसत होतं. तिनं भाभीचं मनगट धरलं. भाभीनं झटकलं. नर्सची पकड चांगली होती. दोघींच्या ओढाताणीत हात बेसिनच्या कडेवर आपटला आणि एक हिरवी बांगडी वाढली. काच मनगटात घुसली. रक्ताचे थेंब पांढऱ्या बेसिनमध्ये पडले.

दोघीही थांबल्या.

झुबेदाभाभी खाली वाकली आणि फरशीवरचे तुकडे वेचायला लागली. तुकडे गोळा करायचे, पायदळी येऊ द्यायचे नाहीत, हेही त्या कायद्यातलंच. राहिलेल्या बांगड्या छातीशी दाबून ती नर्सकडं बघून नुसती मान हलवत होती. नको. नको.

नर्सनं मास्क खाली ओढला. पहिल्यांदाच तिचं तोंड दिसलं. नाकावर मास्कचा वळ उठला होता. ती काही तरी पुटपुटली, बहुतेक स्वतःलाच शिवी असावी. मग आत गेली आणि पट्टीचं भेंडोळं घेऊन आली. काच काढली, जखम पुसली, पट्टी गुंडाळायला लागली. मनगट झालं तरी थांबली नाही. बांगड्यांवरून तशीच गुंडाळत कोपरापर्यंत गेली. मग दुसरा हात मागितला. त्याला काही झालेलं नव्हतं. तोही तसाच बांधला. वरून रबरी मोजे चढवले, झग्याच्या बाह्या त्यात खोचल्या. हलवून बघितलं. आवाज येत नाही. मग तिनं दार उघडलं आणि भाभीला दंडाला धरून आत ढकललं.

आत खाटांची रांग होती. तिसऱ्या खाटेवर अकबर होता. नाकात नळी, छातीला वायरी, दाढी एका बाजूनं दबलेली. डोळे उघडे.

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले.

“तेरे हातां को क्या हुआ गे?” तो म्हणाला, आणि उठायला लागला.

“कुछ नहीं हुआ. चुप पडो.”

“दोनों हात?”

त्यानं कोपरावर भार दिला तशी डोक्यावरची मशीन टूं टूं करायला लागली. दुसरी नर्स धावत आली, अकबरला दाबून निजवलं, मोठ्या नर्सवर खेकसली, मोठी नर्स भाभीवर खेकसली आणि तिला आली तशी बाहेर काढली. नवऱ्याची भेट म्हणून एवढीच झाली. त्याच्या अंगाला हातही लावता आला नाही. दार लागलं तसा तिला हुंदका फुटला, आणि बाकावरच्या बायांना वाटलं गेला, म्हणून त्यांनी पुन्हा हात वर केले. ह्या वेळीही तिनं त्यांना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलातीचा माणूस आला, हिंदी बोलणारा. त्यानं सगळं उलगडून सांगितलं. हृदयाला झटका आला होता, नस मोकळी केलीय. कपडे त्या वॉर्डात ठेवत नाहीत म्हणून परत दिले. दागिने कुणाच्याही अंगावर चालत नाहीत, त्यात जंतू बसतात, डॉक्टरसुद्धा अंगठी काढून जातो. भाभीनं ऐकून घेतलं. जंतू ह्या शब्दापाशी तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं एवढंच.

“मंजी मला एक सांगा भाभी,” भागू म्हणाली. तिचा एक हात भरून झाला होता, दुसरा पुढं केला होता. “भाऊ तर आत जितेच व्हते. मंग तुमी गुमान काढल्या आसत्या, तर काय व्हनार व्हतं? लौकर भेट झाली आसती.”

भाभीनं साबणाची वडी वाटीत बुडवून घेतली.

“मला काय ठावं,” ती म्हणाली.

“न्हाई, पर काय झालं आसतं?”

“काढल्या न्हाईत न्हवं. मंग कसं सांगू?” तिनं भागूची बोटं एकत्र आवळली, अंगठा आत दाबला आणि बांगडी सांध्यावर आणून टेकवली. “न्हाई कळत कुनाला. त्याला बी न्हाई कळत. त्यो अजून म्हनतो, तू माझ्यासाटी हात तोडून घेतलेस. म्हन्लं, हां, तसंच समज.”

“बरं हायेत ना आता?”

“दुकानात बसून आसतोय. वजन उचलायचं न्हाई, जिना चढायचा न्हाई, चिडायचं न्हाई. चिडायचं काम माझ्याकडं दिलंय. पेटी आता मलाच वागवावी लागती, म्हनून निम्मा माल घरीच ठिवून येते.”

मागं ताटकळलेल्या म्हाताऱ्या धोंडाबाईनं काठी पेटीवर वाजवली. “ए भाभी, परदेश फिरून झाला आसंल तर हिकडं बघ. गाडी यायची येळ झाली माजी. कवाची उभीये.”

“तुमची गाडी काय एकादिवशी येळंवर आलीय व्हय, म्हातारे? बसा. भागू, ऊठ गं, झालं तुझं. आवाज नको करू हातांचा, पोरगी लहान हाय का तू?” भाभीनं वाटीतलं पाणी बदललं, धोंडाबाईचा पंजा मांडीवरच्या फडक्यावर घेतला, दाबला, वळवून बघितला. “लई वाळली की मावशी. मागल्या टायमाला दोन चार व्हती. आता दोन दोन बसंल.”

“दोन दोन पोरींना घालत्यात.”

“मंग पोरीवानी बसा गप. हिरव्या का लाल?”

“हिरव्याच. आन रेट नीट लाव.”

“हात ढिला सोडा आधी,” भाभी म्हणाली आणि साबण चोळायला लागली.